'गेला' म्हणायच्या आधी

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला आणि नेट नसलं, की मेसेजच्या कोपऱ्यात छोटं घड्याळ दिसतं. नेट आलं की घड्याळ जाऊन एक टिक येते. समोरच्याच्या फोनवर पोचला की दोन. हे कुणी शाळेत शिकवलेलं नाही, तरी पातूरच्या बसस्टँडवरचा पानठेलेवालासुद्धा उधारीचा मेसेज टाकून सांगतो, "एकच टिक हाये, पोचला नाही अजून." पाठवणं वेगळं, जाणं वेगळं, पोचणं वेगळं, हा फरक आपल्या पिढीला एका चिन्हावरून कळतो.

आता कॉम्प्युटरवरच्या ईमेल प्रोग्रॅमकडे या. पत्र लिहिलं, पीडीएफ जोडली, 'सेंड' दाबलं. खिडकी झटकन बंद झाली. तुम्ही खुर्चीत मागे रेललात. मेल गेला का? बहुतेक वेळा गेलेला असतो. पण गेला नसेल तर डावीकडच्या फोल्डरांच्या लांबलचक यादीत 'आउटबॉक्स' नावाच्या एका ओळीपुढे १ हा आकडा दिसतो. तेवढाच. ती यादी मिटलेली असेल तर तेवढाही नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घर पातूरचं, नोकरी पुण्याची. 'आमचं डिझाइन सोपं आहे' हे वाक्य मी ऑफिसात आठवड्यातून दहा वेळा ऐकतो. या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे की मेल मशीनबाहेर पडला नसताना खिडकी बंद करून माणसाला निश्चिंत करणं ही सोय नाही, ही थाप आहे. आणि तिची किंमत थाप मारणारे आम्ही मोजत नाही.

कोण वापरतं हे आता?

पहिला प्रश्न हाच येतो. जीमेल ब्राउझरमध्ये उघडतं, फोनवर अ‍ॅप आहे, मग डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमची चर्चा कशाला? पुण्या-मुंबईच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न मी स्वतः ऐकलेला आहे. उत्तर तालुक्याच्या गावी सापडतं. कर सल्लागाराचं ऑफिस, वकिलाचा टायपिस्ट, जिनिंगचा हिशेबनीस, खतांच्या एजन्सीचा गोडाऊनवाला, ऑनलाइन फॉर्म भरून देणारं झेरॉक्सचं दुकान. यांच्यापैकी कितीतरी जणांच्या टेबलावर एक जुना लॅपटॉप असतो, त्यात कधीतरी कुणीतरी बसवून दिलेला ईमेल प्रोग्रॅम असतो आणि रोज सकाळी तो उघडून काम सुरू होतं. तिथून जाणारा मेल गुड मॉर्निंगचा नसतो. तिथून जातं ते नोटिशीचं उत्तर, निविदेचा कागद, दाव्याची कागदपत्रं. म्हणजे ज्यावर शेवटची तारीख छापलेली असते असं काहीतरी.

आणि हे पाठवणारा माणूस बहुतेकदा दुसऱ्याचं काम करत असतो. ज्याचं काम, तो काउंटरच्या अलीकडे उभा. त्याला स्क्रीन दिसतसुद्धा नाही. त्याला फक्त एक शब्द ऐकू येतो, 'गेला'.

एक टिक, चार शब्द

आउटलुकच्या जुन्या डेस्कटॉप आवृत्तीत फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड असं आत गेलं की 'सेंड अँड रिसीव्ह' या भागात एक चौकट असते. तिथं लिहिलेलं असतं, 'सेंड इमीजिएटली व्हेन कनेक्टेड'. चौकटीत टिक असेल तर सेंड दाबल्याबरोबर मेल निघतो. टिक काढलेली असेल तर तो आउटबॉक्समध्ये बसून राहतो. मग तुम्ही एफ९ दाबा, किंवा ठरवून दिलेल्या मिनिटांनी प्रोग्रॅम स्वतःहून पाठवेल त्याची वाट बघा. मूळ आवृत्तीत ही टिक असते, हे खरं. पण टिक असली तरी ते 'व्हेन कनेक्टेड' नीट वाचा. जोडणी असेल तर ताबडतोब. पाऊस आला तर पेरणी, तसंच. वर रिबनवर 'वर्क ऑफलाइन' नावाचं बटण आहे. ते चुकून दाबलं गेलं असेल तर नेट ठणठणीत असूनही काही जाणार नाही. शिवाय आउटबॉक्समध्ये थांबलेला मेल 'बरोबर आहे ना' म्हणून उघडून बघितला आणि पुन्हा सेंड न दाबता बंद केला, तर तो पाठवायच्या रांगेतून बाहेर पडतो. तपासायला गेलेल्या माणसालाच शिक्षा.

हे सगळं असं का आहे, याला इतिहास आहे आणि तो इतिहास वाईट नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सुरू केलं. तेव्हा नेट म्हणजे फोनची लाइन, मोडेमची किरकिर आणि जोडलेल्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब. अशा वेळी शहाणपण हेच की आधी दहा पत्रं लिहून ठेवायची, मग लाइन जोडायची, सगळी एकदम पाठवायची आणि लाइन तोडायची. आउटबॉक्स म्हणजे घरातलीच पत्रपेटी. ती गरजेतून आली.

पण त्या काळातला एक प्रोग्रॅम आठवून बघा. १९८८ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी 'युडोरा' लिहिला. नाव ठेवलं लेखिका युडोरा वेल्टी यांच्यावरून, कारण त्यांची पोस्ट ऑफिसात राहायला जाणाऱ्या बाईची एक कथा प्रसिद्ध आहे. युडोरामध्येही 'ताबडतोब पाठवा' ही सेटिंग होती. ती बंद केली की खिडकीवरच्या बटणावरचं 'सेंड' हे नावच बदलायचं आणि तिथं 'क्यू' यायचं, म्हणजे रांगेत लावा. बघा, किती साधी गोष्ट. बटण जे करणार तेच बटणावर लिहिलेलं. थंडरबर्डमध्येही 'सेंड लेटर' ही आज्ञा वेगळी आहे. म्हणजे हे जमत नाही असं नाही. जमलेलं होतं. ज्यांना मोडेमच्या मिनिटांचे पैसे कळत होते त्यांनी ते केलं होतं. नेट कायम असतंच असं ज्यांनी गृहीत धरलं, त्यांनी सेटिंग आत कुठेतरी ठेवली आणि बटणावर सगळ्यांसाठी एकच शब्द.

शुक्रवार आणि सोमवार

माझ्या चुलत्यांची गोष्ट सांगतो. पातूरच्या बाजूला त्यांची थोडी शेती आहे. एका दाव्यावर त्रुटीचं पत्र आलं, उत्तर मेलवर मागवलं होतं, मुदत शुक्रवार संध्याकाळी पाच. कोणत्या ऑफिसचं, ते सोडा. काका साडेचारला दुकानात पोचले. दुकानातल्या पोरानं कागद स्कॅन केले, मेल लिहिला, चार वाजून पस्तीस मिनिटांनी सेंड दाबलं. "झालं नं काकाजी, गेला मेल. आता निवांत जा घरी." काकांनी पैसे दिले, घरी गेले. पोराला लग्नाला जायचं होतं. त्यानं पावणेपाचला लॅपटॉप मिटवला.

मेल सोमवारी सकाळी दहा चाळीसला गेला.

नंतर मी तो लॅपटॉप बघितला. ताबडतोब पाठवण्याची सेटिंग बंद होती, दर तीस मिनिटांनी पाठवायचं ठरवलेलं होतं. ज्यानं कधीकाळी प्रोग्रॅम बसवून दिला, त्यानं डोंगलच्या दिवसांत ते तसं केलं होतं. एखादी जड फाइल वर चढत असली की दुसरं काही उघडत नसे, म्हणून. त्याचं तेव्हा बरोबर होतं. दुकानातल्या पोराला ही सेटिंग असते हेच ठाऊक नव्हतं. त्यानं सेंड दाबलं, खिडकी बंद झाली, त्यानं जे दिसलं ते सांगितलं. त्याचंही बरोबर. काकांचं तर बरोबरच. तिघेही बरोबर आणि उत्तर मुदतबाह्य. मग चुकलं कोण? मधला स्क्रीन.

काकांनी मला विचारलं, "मंग त्या बटनावर सेंड काऊन लिहून ठेवलं राजा?" अमरावती विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी खिशात असून या प्रश्नाला माझ्याकडे एकही सरळ उत्तर नव्हतं. सरळ उत्तर अस्तित्वातच नाही.

गंमत अशी की मेलच्या माथ्यावर तारीख शुक्रवारचीच होती. काका तीच दाखवत होते. पण ईमेलमध्ये दोन वेळा असतात. एक 'डेट' ही ओळ. ईमेलची रचना ठरवणारं जे मानक आहे, आरएफसी ५३२२, त्यात स्पष्ट म्हटलं आहे की ही वेळ लिहिणाऱ्यानं 'माझं झालं' म्हटलं त्याची आहे, उदाहरणार्थ त्यानं सेंड दाबलं ती. मेल प्रत्यक्ष कधी निघाला ते ही ओळ सांगत नाही. दुसरी वेळ 'रिसीव्ह्ड' या ओळींमध्ये असते. त्या वाटेतले सर्व्हर स्वतः लिहितात, टपालावरच्या शिक्क्यासारख्या. पोस्टकार्डावर तुम्ही घातलेली तारीख वेगळी आणि पोस्टाचा शिक्का वेगळा. ऑफिसनं शिक्का बघितला.

खामगावची सरकी ढेप

ऑफिसनं शिक्का बघितला हे कायद्याला धरूनच होतं, हे मला मान्य करावं लागतं. आणि या कायद्याची गोष्ट आपल्याच मुलखातून जाते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ४ म्हणतं की प्रस्तावाला दिलेला होकार प्रस्ताव ठेवणाऱ्यावर कधी बंधनकारक होतो? तो होकार त्याच्याकडे जायला अशा रीतीनं निघाला, की देणाऱ्याच्या हातात आता काही उरलं नाही, तेव्हा. सोप्या भाषेत, पत्र लाल डब्यात पडलं की झालं. खिशात असेपर्यंत नाही.

मग फोन आला. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादची एक पेढी आणि आपल्या खामगावची एक जिनिंग फॅक्टरी व ऑइल मिल यांच्यात ट्रंक कॉलवर सौदा झाला, सरकी ढेपेचा. बाळापूर ओलांडलं की खामगाव, आम्हाला काही ते परदेश नाही. माल आला नाही, अहमदाबादवाल्यांनी तिथल्या कोर्टात दावा लावला. खामगाववाले म्हणाले, आम्ही 'हो' म्हटलं ते खामगावात बसून, तेव्हा सौदा खामगावात झाला, अहमदाबादच्या कोर्टाचा संबंध काय? भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल परशोत्तमदास या नावानं हा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६५ साली न्यायमूर्ती शहा आणि वांछू यांनी बहुमतानं ठरवलं की फोनवरचा होकार जिथे ऐकला गेला तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबादला. टपालाचा नियम फोनला लागू नाही. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं मत वेगळं पडलं. कायद्याच्या शब्दांप्रमाणे होकार बोलणाऱ्याच्या हातून सुटला तिथेच काम पुरं होतं, असं त्यांचं म्हणणं.

आजही लॉ कॉलेजात हा खटला पहिल्या वर्षात शिकवतात. मला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे: दोन्ही बाजूंचे न्यायमूर्ती ज्यावर भांडले, तो प्रश्न होता शब्द हातून कधी सुटला आणि कधी पोचला. ढेपेच्या एका सौद्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं हा फरक एवढा कसून तपासला. आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले तो एका मिटलेल्या खिडकीत गुंडाळून टाकतो.

ईमेलसाठी २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. त्याचं कलम १३ सांगतं की दोघांत वेगळं काही ठरलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक मजकूर पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक यंत्रणेत शिरला, की तो 'पाठवला' असं धरायचं. ताब्याबाहेरच्या. आउटबॉक्स तर तुमच्याच लॅपटॉपमध्ये असतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं आउटबॉक्समधला मेल अजून खिशातच आहे. कायदा म्हणतो 'पाठवला नाही' आणि बटण म्हणतं 'सेंड'. दोघांतला एक खोटा आहे, आणि कायदा नाही.

सर्व्हर खरं बोलतो

यात सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी की खरी माहिती प्रोग्रॅमकडे असते. ईमेल पाठवायची जी भाषा आहे, एसएमटीपी, ती जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढली आणि आजही तीच चालते. तुमचा प्रोग्रॅम सर्व्हरला मजकूर देतो, शेवटी सर्व्हर एक आकडा परत पाठवतो: २५०. याचा अर्थ, घेतला. मानक याहून पुढे जाऊन सांगतं की २५० म्हटल्यानंतर जबाबदारी सर्व्हरची. एक तर त्यानं मेल पुढे पोचवायचा, नाही तर जमलं नाही असं कळवायचं. पुढचा सर्व्हर बंद असला तर यानं थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, साधारण अर्ध्या तासाच्या अंतरानं, आणि चार-पाच दिवस तरी हार मानायची नाही. पत्ता चुकीचा निघाला तर मेल परत येतो. जुन्या पोस्टमनसारखंच, घर सापडलं नाही तर पत्र घेऊन परत.

म्हणजे जगभरातली ही अवाढव्य यंत्रणा हिशेबाला पक्की आहे. फक्त पहिलं पाऊल, तुमच्या बोटापासून तुमच्या सर्व्हरपर्यंतचं, तेवढंच तोंड बंद ठेवून चालतं. २५० आला की नाही हे प्रोग्रॅमला ठाऊक असतं. तो तुम्हाला सांगत नाही, कारण सांगितलं तर स्क्रीन 'गजबजलेला' दिसेल.

उशीर चांगला, पण कुणाचा?

याच्या विरुद्ध एक चांगला मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. मेल लगेच न जाणंच बरं, असं कितीतरी लोक म्हणतात. रागात लिहिलेला मेल दहा मिनिटं थांबला तर नोकरी वाचते. जीमेलनं २००९ मध्ये 'अनडू सेंड' प्रयोग म्हणून आणलं आणि २०१५ मध्ये ते सगळ्यांना दिलं, तीस सेकंदांपर्यंत मेल मागे घेता येतो. खरं तर मागे घेता येत नाही, तेवढा वेळ तो पाठवलेलाच नसतो. आउटलुकमध्येही नियम लावून प्रत्येक मेल दोन तासांपर्यंत रोखता येतो. मग मी याच्या विरोधात आहे का?

अजिबात नाही. उशीर मी मागितला असेल तर तो माझा आहे. जीमेल त्या तीस सेकंदांत खाली पट्टी दाखवतं, मागे घ्यायचंय का विचारतं. मला कळतं की घड्याळ चालू आहे. माझं भांडण न मागितलेल्या, न सांगितलेल्या उशिराशी आहे. डॉक्टरनं सांगून उपाशी ठेवणं वेगळं आणि खानावळवाल्यानं ताट न वाढता 'जेवलात' म्हणणं वेगळं.

दुसरा मुद्दा, नेट नसताना काम करता आलंच पाहिजे. पूर्ण मान्य. पातूरच्या घाटात बसमध्ये बसून मी कितीतरी मेल लिहिलेले आहेत, रेंज मेडशीकडे उतरल्यावर येते. आउटबॉक्स नको असं मी म्हणतच नाही. उलट, ज्या गावांत लाइट आणि नेट दोन्ही लहरीवर आहेत, तिथं आउटबॉक्स हा सगळ्यात महत्त्वाचा फोल्डर आहे. म्हणून तर तो सगळ्यात ठळक हवा. आज तो सगळ्यात लपलेला आहे, कारण स्क्रीन आखणाऱ्याच्या ऑफिसात तो कायम रिकामा असतो.

काय हवं

मागण्या चारच आहेत, आणि एकही अवघड नाही. एक, 'ताबडतोब पाठवा' ही सेटिंग चालू हवी. ती बंद असेल तर बटणावर 'सेंड' हा शब्द नको, 'रांगेत ठेवा' हवा. दोन, २५० येईपर्यंत मेलवर घड्याळ दिसलं पाहिजे. दिसेल असं, कोपऱ्यात नाही. तीन, मेल थांबलेला असताना प्रोग्रॅम बंद करायला किंवा लॅपटॉप मिटायला घेतला तर त्यानं आडवं यावं. काही प्रोग्रॅम बंद करताना विचारतात, सगळ्यांनी विचारावं. चार, मेल सेंड दाबल्यानंतर बराच वेळानं निघाला असेल तर दोन्ही वेळा पाठवणाऱ्याला शेजारी शेजारी दाखवा.

हे होईपर्यंत तुम्ही काय करू शकता ते सांगतो, कारण हा लेख फोनवर वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरचं काम अशाच एखाद्या काउंटरवरून होत असेल. मेल पाठवताना स्वतःचा पत्ता सीसीमध्ये टाकायला सांगा आणि तो तुमच्या फोनवर आल्याशिवाय दुकानातून हलू नका. आला, म्हणजे सर्व्हरनं घेतला. त्या पोराला 'सेंट' फोल्डर उघडून दाखवायला सांगा, आणि आउटबॉक्स रिकामा आहे ना तेही. त्याच्यावर चिडू नका, त्याला ती चौकट कुठे असते ते दाखवा. दोन मिनिटं लागतात. पातूरच्या त्या लॅपटॉपवर आता टिक आहे.

पण हा इलाज लोकांनी करायचा असेल, तर आमच्या पगाराला अर्थ काय? तारेच्या ऑफिसात पैसे भरले की पावती मिळायची. रजिस्टर पत्राचीही पावती मिळायची. कागद घेणारा बाबू शिक्का मारून पोच देतो आणि लोक ती वर्षानुवर्षं ट्रंकेत जपतात. पोच मागायची सवय या देशातल्या गरिबातल्या गरीब माणसाला आहे, कारण पोच नसली की काय होतं हे त्यानं भोगलेलं आहे. ईमेलमध्ये ती पोच पहिल्या दिवसापासून आहे, तीन आकडी, फुकट. आम्ही ती त्याच्या हातात देत नाही एवढंच. ती द्या. आणि ती येईपर्यंत तुमच्या बटणाला 'गेला' म्हणू देऊ नका.